तंजावरचा राजवाडा पाहायला निघताय? आधी एवढं वाचून घ्या

तंजावरला जाऊन आलेली मराठी माणसं मोठ्या देवळाबद्दल, म्हणजे बृहदीश्वराबद्दल, भरभरून बोलतात. राजवाड्याचा विषय निघाला की मात्र "हो, तोही पाहिला, बरीच पडझड झालीय" एवढ्यावर आटपतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. भोसल्यांच्या एका शाखेने जवळजवळ १८० वर्षं जिथून राज्य केलं, ती ही जागा. मराठी वाचता येणाऱ्याला तिथे जे सापडतं ते इतर पर्यटकांना सापडणं अवघड आहे.

अडचण वेगळीच आहे. बाहेरून एकच वाडा दिसतो, पण आत चार-पाच स्वतंत्र दालनं आहेत. प्रत्येकाची व्यवस्था निराळी, तिकीट निराळं, वेळही निराळी. पाट्या तमिळ आणि इंग्रजीत. कुठून सुरुवात करायची हे कोणी सांगत नाही, आणि दमलेला माणूस दुसऱ्या दालनानंतर रिक्षा शोधायला लागतो. तसं होऊ नये म्हणून मला सोयीचा वाटलेला क्रम खाली दिला आहे.

१. निघण्याआधी घराण्याची नावं नीट लावून घ्या

हा सगळ्यात मोठा सापळा आहे, म्हणून आधी सांगतो. तंजावरच्या राजांची नावं शिवाजी, शहाजी, सरफोजी, एकोजी अशीच आहेत आणि ती पुन्हा पुन्हा येतात. "शिवाजी महाराज" अशी पाटी दिसली की आपण हात जोडतो, आणि ते असतात इथले शेवटचे राजे शिवाजी, ज्यांची कारकीर्द १८३२ ते १८५५ अशी होती. नावांचा घोळ झाला की पुढचा सगळा वाडा डोक्यात गोंधळतो.

थोडक्यात असं: वाडा मुळात तंजावरच्या नायक राजांचा, सोळाव्या शतकातला. १६७३ मध्ये मदुराईच्या नायकांनी तंजावरच्या नायकांचा पराभव केला. त्यात आदिलशाहीने शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी, म्हणजेच एकोजी, यांना फौज देऊन पाठवलं आणि १६७५ च्या सुमारास तंजावर त्यांच्या ताब्यात आलं. एकोजी हे छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, १६७७ मध्ये, दोघा भावांची भेट झाली ती याच मुलखात. एकोजींचे पुत्र शहाजी १६८४ ते १७१२ गादीवर होते. स्वतः नाटकं लिहिणारा हा राजा. तंजावरच्या दरबारातली मराठी नाटकं आपल्या भाषेतल्या सर्वांत जुन्या नाटकांत मोडतात. पुढे प्रतापसिंह, तुळजाजी, अमरसिंह अशी नावं येतात. आणि मग येतात दुसरे सरफोजी, कारकीर्द १७९८ ते १८३२. वाड्यातलं बहुतेक सगळं ज्यांच्याभोवती फिरतं ते हेच.

सरफोजींबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवून जा. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांच्या हातात किल्ला आणि आसपासचा थोडा परिसर एवढंच उरलं. मोहिमा नाहीत, कारभार नाही. त्या माणसाने आपली सगळी शक्ती पुस्तकं, वैद्यक, संगीत आणि छापखाना यांत ओतली. हे ठाऊक असेल तर आत दिसणाऱ्या प्रत्येक वस्तूचं कारण कळतं.

२. दिवस निवडताना

डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. आपला पावसाळा संपतो तेव्हा तिकडचा सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस असतो, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी छत्री धरूनच चालावं. एप्रिल-मेमध्ये दुपारी अंगणं ओलांडणंसुद्धा जड जातं. जानेवारीच्या मध्यावर पोंगल येतो. गाड्या आणि हॉटेलं तेव्हा भरलेली असतात आणि सरकारी कार्यालयं बंद असतात.

राष्ट्रीय सुट्टीचा दिवस टाळा. आठवडी सुट्टीही सगळ्या दालनांना एकच नसते, म्हणून आदल्या दिवशी हॉटेलवाल्याकडून फोन करून घ्या, आणि वाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयाच्या दालनाची चौकशी आवर्जून वेगळी करा. दुपारी एकच्या पुढे काही दालनं जेवणासाठी बंद होतात. तेव्हा एक अख्खा दिवस हाताशी ठेवा. "त्रिचीहून कुंभकोणमला जाताजाता पाहू" या बेताने हा वाडा होत नाही.

३. पोहोचायचं कसं

सर्वांत जवळचा विमानतळ तिरुचिरापल्लीचा, साठेक किलोमीटरवर. त्रिचीहून तंजावरला बस आणि रेल्वे दोन्ही भरपूर आहेत. मुंबई-पुण्याहून रेल्वेने जाणार असाल तर बहुधा चेन्नईला गाडी बदलावी लागेल. इथे जपा: महाराष्ट्रातून येणाऱ्या बऱ्याच गाड्या चेन्नई सेंट्रलला थांबतात, आणि तंजावरकडच्या गाड्या साधारणपणे एग्मोरहून सुटतात. ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. मध्ये किमान दोन-तीन तास ठेवूनच पुढचं आरक्षण करा. रात्रीच्या गाडीने सकाळी तंजावरला उतरलात तर दिवस वाया जात नाही.

बसने येत असाल तर त्रिचीची बस नव्या स्टँडवर सोडते आणि तो गावाबाहेर आहे. तिथून जुन्या स्टँडला जाणारी शहर बस पकडा. देऊळ आणि वाडा दोन्ही जुन्या स्टँडपासून हाकेच्या अंतरावर आहेत. रिक्षावाल्याला "अरण्मनै" म्हणालात तर वाडा आणि "पेरिय कोविल" म्हणालात तर मोठं देऊळ. "पॅलेस" म्हटल्यावर त्याच नावाच्या हॉटेलापाशी उतरवलं जाण्याची शक्यता असते.

४. बरोबर काय हवं

- ओळखपत्र, मूळ आणि एक झेरॉक्स.
- दहा, वीस, पन्नासच्या नोटा. तिकीटखिडक्या अनेक आहेत, दर खिडकीवर सुट्ट्याची अडचण येते, आणि मोबाइलने पैसे भरणं सगळीकडे चालेलच असं धरू नका.
- जाड मोजे. देवळात चपला बाहेर ठेवाव्या लागतात आणि दहानंतर दगडी फरसबंदी पाय भाजते.
- पाण्याची बाटली, टोपी.
- छोटी दुर्बीण असेल तर जरूर. दरबाराच्या छताजवळची चुन्यातली मूर्तिकामं त्याशिवाय नीट दिसत नाहीत.
- मोडीची बाराखडी, एका कागदावर. मोडी येत नसली तरीही घ्या. कशासाठी ते पुढे येईल.
- वही आणि पेन्सिल. फोटो काढू देत नाहीत तिथे हीच कामाला येते.

५. सकाळ देवळापासून सुरू करा, पण एका भिंतीसाठी

बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळाने बांधलं, १०१० मध्ये ते पूर्ण झालं. त्याबद्दल भरपूर लिहिलेलं आहे, मी इथे फक्त मराठी माणसाचं काम सांगतो. देऊळ पहाटे उघडतं आणि दुपारी बंद असतं, म्हणून साडेसहा-सातला पोहोचा. दर्शन झालं की आवाराच्या नैर्ऋत्य कोपऱ्याकडे चालत जा. तिथल्या भिंतीवर देवनागरी अक्षरं दिसतील. तोच १८०३ चा मराठी शिलालेख. सरफोजींनी आपल्या घराण्याचा, भोसल्यांचा, सगळा इतिहास त्यावर कोरून घेतला आहे. मराठीतल्या सर्वांत लांब शिलालेखांत त्याची गणना होते.

वर शेकडो वर्षांचे तमिळ शिलालेख, आणि त्या रांगेत ओळीमागून ओळ ओळखीची लिपी. शब्द जोडलेले आहेत, विरामचिन्हं नाहीत, त्यामुळे सुरुवातीला काही लागत नाही. घाई करू नका. एक ओळ निवडा, बोटाने स्पर्श न करता अक्षरं लावत जा. एखादं नाव लागलं की पुढचं आपोआप सुटायला लागतं. सकाळचं तिरपं ऊन असताना कोरीव अक्षरं उठून दिसतात. डोक्यावर सूर्य आला की तीच सपाट वाटतात. देवळाने सुरुवात करायला सांगतो ते यासाठीच.

वेळ असेल तर शेजारीच शिवगंगा बागेजवळचं श्वार्ट्झ चर्च पाहा. सरफोजींचे शिक्षक मिशनरी श्वार्ट्झ यांच्या मृत्युशय्येजवळ राजा उभा आहे, असं संगमरवरी शिल्प तिथे आहे. ते सरफोजींनीच इंग्लंडमधल्या शिल्पकार फ्लॅक्समनकडून करवून घेतलं. हा फ्लॅक्समन वाड्यात पुन्हा भेटणार आहे.

६. तिकिटं: इथेच बहुतेक जण फसतात

वाड्याचं फाटक ओलांडलं की समोर दिसेल त्या खिडकीवर तिकीट काढून "झालं" असं समजू नका. कलादालन, मराठा दरबार, सरस्वती महालाचं दालन, राजघराण्याचं संग्रहालय हे सगळे वेगवेगळ्या व्यवस्थापनांकडे आहेत. काहींचं तिकीट एकत्र मिळतं, काहींचं नाही. पैसे देताना थेट विचारा: "यात काय काय आलं?" कॅमेऱ्याचे पैसे बहुधा निराळे असतात. सगळे कागद दिवसभर जपून ठेवा, आतल्या दारांवर पुन्हा मागतात.

फाटकाशी वाटाडे भेटतील. काही चांगले आहेत. आधी भाषा आणि रक्कम ठरवा, आणि कोणकोणती दालनं दाखवणार ते बोलून घ्या. भुयारातून घोडेस्वार कुठवर जायचे याच्या गोष्टी रंगवून सांगतात, त्यात वेळ जातो. मी म्हणेन, पहिल्या फेरीला वाटाड्याशिवायच जा.

७. कलादालन: चोळांच्या कांशाच्या मूर्ती आणि एक संगमरवरी राजा

हे नायकांच्या दरबारात आहे. १९५१ मध्ये ते सुरू झालं. आसपासच्या गावांत, शेतांत, देवळांच्या आवारात सापडणाऱ्या मूर्ती जिल्ह्याबाहेर जाऊ नयेत म्हणून त्या इथे आणून ठेवल्या गेल्या. नटराज इतके आहेत की नजर थकते. म्हणून सगळ्या पाहण्याचा हट्ट सोडा आणि तिरुवेंकाडूचा वृषभवाहन शिव शोधा.

मूर्ती १०११ सालची. शिव उभा आहे, एक पाय दुसऱ्यापुढे सहज टेकवलेला, आणि एक हात हवेत वाकलेला. तो हात नंदीच्या पाठीवर होता. नंदी आज नाही. पण त्या बोटांचा सैलपणा, खांद्याचा उतार पाहिला की रिकाम्या जागेत बैल दिसायला लागतो. जटांचा फेटा बांधलाय, त्यात साप गुंफलेले आहेत. बाजूला पार्वती, एका वर्षानंतरची, १०१२ ची. मागूनही पाहा. कमरेच्या वस्त्राच्या चुण्या आणि मानेवर आलेले केस मागून जास्त सुंदर आहेत. या एका जोडीसमोर पंधरा मिनिटं थांबणं हे पन्नास मूर्तींसमोरून चालत जाण्यापेक्षा कितीतरी बरं.

याच दरबारात काळ्या दगडाच्या चौथऱ्यावर सरफोजींचा पांढरा संगमरवरी पुतळा आहे, फ्लॅक्समनचाच. राजा हात जोडून उभा. तलवारीवर मूठ आवळलेले राजे पाहायची आपल्याला सवय आहे, म्हणून हा पुतळा जरा वेळ पाहत राहावासा वाटतो.

८. मराठा दरबार

इथे रंग आहेत. जाड खांब, कमानी, त्यांवर लाल-हिरव्या-निळ्या वेलपत्त्या, वर देवदेवतांची चुन्यातली शिल्पं, आणि मधोमध छत्र असलेली राजाची जागा. काही रंग उडालेत, काही नव्याने भरलेत. कडेच्या खांबांमागे जाऊन उभे राहिलात तर जुनं काम जवळून दिसतं. कबुतरांमुळे वर पाहताना जपा. अर्धा तास पुरे.

९. सरस्वती महाल: सगळ्यात जास्त वेळ इथे

दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्या. एक आहे ग्रंथालय, जिथे अभ्यासक बसतात, तिथे सहज फिरायला आत जाता येत नाही. दुसरं त्याला लागून असलेलं दालन, जे सगळ्यांसाठी आहे. पर्यटकांपैकी निम्मे लोक ग्रंथालयाच्या दारातून परत फिरतात आणि दालन चुकवतात. तुम्ही तसं करू नका.

हा संग्रह नायकांच्या काळापासूनचा. मराठा राजांनी तो वाढवला, आणि सरफोजींनी त्याला आजचं रूप दिलं. काशीयात्रेला गेले तेव्हा तिथूनही पोथ्या आणल्या. १९१८ मध्ये हा ठेवा लोकांसाठी खुला झाला. ताडपत्रं आणि कागद मिळून जवळजवळ पन्नास हजार हस्तलिखितं, त्यांत सगळ्यात जास्त संस्कृत. तीन हजारांहून अधिक मराठी. शिवाय राज्यकारभाराची मोडी कागदपत्रं, गठ्ठेच्या गठ्ठे.

दालन लहान आहे, एका फेरीत दहा मिनिटांत संपतं. पण दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत चित्रं: माणसाचा चेहरा आणि प्राण्याचा चेहरा शेजारी ठेवून केलेली शार्ल ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराची रेखाटनं, चीनमधल्या शिक्षांची चित्रं, पक्षी, वनस्पती, काशीचे घाट. दुसऱ्या फेरीत अक्षरं. आता मोडीचा तो कागद काढा. काचेखालच्या पानावर 'श्री' शोधा, मग 'राजे', मग महिन्याचं नाव. पानभर वाचता आलं नाही तरी दोन-चार शब्द लागतात, आणि तमिळ मुलखाच्या मध्यभागी बसून कारकुनाने लिहिलेला मराठी शब्द आपण वाचतोय हे तेवढ्यानेही पुरतं कळतं. सरफोजींच्या इंग्रजी-युरोपीय पुस्तकांवर त्यांची सही असते, तीही पाहा. हे ग्रंथ शोभेसाठी जमवले नव्हते. राजे स्वतः वाचत, आणि डोळ्यांच्या रुग्णांवर उपचार करताना त्यांनी करवून घेतलेल्या नोंदी आणि डोळ्यांची रंगीत चित्रं याच संग्रहात आहेत. वाड्यातल्या छापखान्यात देवनागरी खिळ्यांनी इसापाच्या गोष्टींचं मराठी पुस्तक १८०६ मध्ये छापलं गेलं, म्हणजे मुंबई-पुण्यात मराठी पुस्तकं निघायच्या आधी.

निघताना विक्रीची जागा विचारा. ग्रंथालय स्वतःची प्रकाशनं काढतं, त्यांत मराठीही असतात. किमती माफक असतात आणि ही पुस्तकं आपल्याकडच्या दुकानांत सहसा दिसत नाहीत.

१०. उरलेलं

घंटेचा मनोरा आणि शस्त्रागाराचा मनोरा बाहेरून छान दिसतात. वर सोडत असतील तर चढा, पण जिने अरुंद, उंच आणि अंधारे आहेत. गुडघे दुखत असतील किंवा लहान मूल कडेवर असेल तर सोडून द्या. आवारात व्हेल माशाचा सांगाडाही आहे, मुलांना तो सगळ्यात जास्त आवडतो.

सदर महालात राजघराण्याचं छोटं संग्रहालय आहे: पोशाख, भांडी, नाणी, शस्त्रं. घराण्याचे वंशज आजही या भागात राहतात. बंद दारं ढकलू नका, अंगणातल्या माणसांचे फोटो काढू नका. तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबं गावात अजून आहेत. कोणी भेटलं आणि बोललं तर शांतपणे ऐका, त्यांचे शब्द "सुधारायला" जाऊ नका. ती भाषा साडेतीनशे वर्षं तिथे स्वतःच्या बळावर जगली आहे.

११. हस्तलिखितं प्रत्यक्ष अभ्यासायची असतील तर

हा भाग विद्यार्थी, मोडी वाचक आणि घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांसाठी. आयत्या वेळी जाऊन "दाखवा" म्हटलं तर उपयोग होत नाही.

- महिनाभर आधी ग्रंथालयाला लेखी विनंती पाठवा. इंग्रजीत लिहा. विषय, कालखंड, किती दिवस बसणार ते स्पष्ट असू द्या.
- विद्यापीठ, महाविद्यालय किंवा संशोधन संस्थेच्या लेटरहेडवर परिचयाचं पत्र घ्या. स्वतंत्र अभ्यासक असाल तर ओळखीच्या प्राध्यापकांकडून पत्र घ्या.
- ग्रंथालयाच्या छापील सूच्या आहेत. मराठी हस्तलिखितांची सूची आधी मिळवून क्रमांक लिहून न्या. क्रमांक नसेल तर पहिला दिवस शोधण्यातच जातो.
- प्रत किंवा छायाचित्र हवं असेल तर त्याचा अर्ज आणि शुल्क वेगळं. परवानगी हातात आल्याशिवाय मोबाइल बाहेर काढू नका.
- मोडी येत असली तरी तंजावरचं वळण आपल्या पेशवाई मोडीपेक्षा निराळं आहे आणि मजकुरात तमिळ शब्द येतात. पहिले एक-दोन दिवस हात बसायला लागतील, तेवढे धरूनच परतीचं तिकीट काढा.